डोंबिवलीच्या घरात कुठलं यंत्र आणावं?

पत्र

ताई, सादर नमस्कार.

प्रश्न घरगुती आहे आणि जरा वेडगळही, पण निकाल तुम्हीच द्या. मागे एका रविवारी रात्री आमच्याकडे लाईट गेले. सगळ्यांचे मोबाईल उतरलेले, म्हणून गॅलरीत बसून एक खेळ काढला. विज्ञानकथेतलं एकच यंत्र घरी फुकट मिळणार, वीजबिलही माफ, तर कुठलं घ्यायचं?

मी म्हटलं, इथून तिथे क्षणात पोचवणारं यंत्र. नोकरी लागल्यापासून डोंबिवली ते सीएसएमटी करतोय, मला दुसरं काय सुचणार! मुलगा दहावीला आहे, त्याला कालयंत्र हवं. बोर्डाचा पेपर बघून परत येईन म्हणतो. मुलगी माटुंग्याला कॉलेजात जाते, तिला अंगावर घेतला की दिसेनासं करणारा झगा पाहिजे. आमच्या हिने मात्र कहर केला. म्हणाली, "मला असा फ्रीज हवा ज्यात वेळच थांबते. जे ठेवलं ते तसंच्या तसं बाहेर यायला हवं." आम्ही तिघं एवढे हसलो की शेजारचे डोकावले. मुलगी म्हणाली, "आई, मागायचंच तर ताजं अन्न तयार करणारं यंत्र माग ना!" ही काही न बोलता आत गेली. आता हा विषय निघाला की उठून जाते.

रविवार सोडला तर चौघं एकत्र भेटतो कुठे? हिची पतपेढी सहाला सुटते, मुलगा क्लासहून आठला येतो, मुलगी कधी सात तर कधी दहा, मी साडेनऊ. त्यामुळे वाद अर्धवटच राहिलाय. पैज अशी की ज्याचं यंत्र सरस ठरेल तो सुटला, बाकीच्यांनी महिनाभर रात्रीची भांडी घासायची. हिचं यंत्र आम्ही बाद धरलंय, कारण तो शेवटी फ्रीजच झाला. तेव्हा तिघांपैकी कोण जिंकलं ते सांगा. शिवाय मुलाला विज्ञानकथांची गोडी लागलीय, मराठीत सुरुवात कुठून करावी तेही सांगा.

एक डोंबिवलीकर

उत्तर

डोंबिवलीकर, नमस्कार.

निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. वहिनी जिंकल्या. त्यांचं यंत्र बाद करण्याचा तुम्हाला अधिकार नव्हता. वेळ थांबवणारी पेटी ही विज्ञानकथेतली चांगली जुनी, मानाची वस्तू आहे. 'स्टेसिस' म्हणतात तिला. लांबच्या ताऱ्याकडे निघालेले प्रवासी तिच्यात झोपतात, कुणी हजारो वर्षांपूर्वीचं शस्त्र तिच्यात जपून ठेवतं. वहिनींनी त्यात आमटी ठेवायची म्हटलं म्हणून तिचा फ्रीज झाला, एवढंच.

आता तुमच्या यंत्राकडे येऊ. ते घरोघरी पोचलं तेच मुळी पैसे वाचवण्याच्या नादात. १९६६ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिका सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला अवकाशयान नव्या ग्रहावर उतरताना दाखवणं परवडेना. मग माणसं यानात विरघळतात आणि खाली जमिनीवर उमटतात असं दाखवलं. चमचमाट स्वस्तात झाला आणि जगभरच्या चाकरमान्यांना स्वप्न मिळालं.

असं इथून तिथे क्षणात पोचण्याला 'टेलिपोर्टेशन' म्हणतात, आणि पुढे प्रयोगशाळेत त्या नावाचं काहीतरी खरंच घडलं. १९९३ साली सहा शास्त्रज्ञांनी क्वांटम टेलिपोर्टेशनची कल्पना कागदावर मांडली, १९९७ साली ऑस्ट्रियात प्रकाशकणांवर प्रयोग झाला, आणि २०१७ साली चिनी शास्त्रज्ञांनी जमिनीवरून उपग्रहापर्यंत, १,४०० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर तो करून दाखवला. पण ह्यात कण स्वतः कुठेच जात नाही. त्याची अवस्था तेवढी पलीकडच्या दुसऱ्या कणावर उमटते, आणि इकडची मूळ अवस्था त्यात मोडते. ती मोडल्याशिवाय तिकडे उमटूच शकत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. सत्तर किलोच्या माणसात सातावर सत्तावीस शून्यं इतके अणू असतात. ते सगळे जमवून आणले असं समजू. सीएसएमटीला उमटलेल्या माणसाला तुमची सही येईल, तुमचा पीएफ नंबर पाठ असेल, तुमच्या साहेबांचा रागही येईल. डोंबिवलीत उभे असलेले तुम्ही मात्र संपलेले असाल. रोज सकाळी एकदा आणि घरी येताना परत एकदा. हे मला तरी पासाच्या पैशांत महाग वाटतं.

बरं, तुकडेबिकडे नकोत, लहान मुलांच्या कार्टूनमध्ये असतं तसं नुसतं दार मिळालं, उघडलं की पलीकडे फोर्ट. तरी एक गोम आहे. पृथ्वी फिरते आणि तिच्याबरोबर आपणही पूर्वेकडे पळत असतो. मुंबईच्या अक्षांशावर हा वेग तासाला सुमारे १,५८० किलोमीटर पडतो. डोंबिवली आणि सीएसएमटी या दोन ठिकाणी वेग आणि त्याची दिशा यांत किंचित फरक आहे. मी हिशेब केला, तो तासाला सातेक किलोमीटर निघाला. म्हणजे दारातून पाऊल टाकलंत की गाडी थांबायच्या आत उतरल्यासारखा झोक जाईल. त्याची तुम्हाला सवय असणार. पण सुट्टीत त्याच दारातून लंडनला भाचीकडे जायचं ठरवलंत, तर तासाला दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगाने तिच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर आदळाल.

शिवाय असं दार तुमच्या घरी आहे हे हपिसात कळलं की काय होईल ते मी सांगायला नको. रात्री अकराला फोन येईल, "जरा दोन मिनिटं येऊन जाता का?"

थट्टा बाजूला. तुम्हाला दार हवंय ते लंडनसाठी नव्हे, दिवसाचे जे तास गर्दीत उभं राहून जातात ते परत मिळावेत म्हणून. ती मागणी रास्त आहे, आणि डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी कधीही उभ्या राहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. मला गंमत वाटते ती याची, की वहिनी तेच तास दुसऱ्या टोकाकडून मागतायत आणि तुम्हाला ते ऐकू आलं नाही.

चिरंजीवांचं कालयंत्र लवकर उरकता येईल. १८९५ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ते गोष्टीत आणलं, तेव्हापासून लोक त्यात बसायला निघालेत. पुढे जाण्याला भौतिकशास्त्राची हरकत नाही. १९७१ साली दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली आणि घरी ठेवलेल्या घड्याळांशी ताडून पाहिली, तर अब्जांश सेकंदांचा फरक निघाला, आइनस्टाईनच्या सिद्धांतात बसणारा. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्ती केली नाही तर तुमची ओला एका दिवसात दहा किलोमीटर लांबच्या गल्लीत जाऊन उभी राहील. तेव्हा पुढे जाता येतं. मागे यायचा रस्ता मात्र कुणाला सापडलेला नाही. स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रण मेजवानी उरकल्यावर जाहीर केलं. कुणी फिरकलं नाही. याचा अर्थ मुलाला मार्चचा पेपर नक्की बघायला मिळेल, पण तोवर बाकीच्या मुलांचा तो लिहून झालेला असेल. त्याला सांगा, बीजगणिताला बस.

मुलीच्या झग्यावर २००६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात काम झालंय. तांब्याच्या बारीक नक्षीची कडी एकात एक बसवून त्यांनी सूक्ष्मलहरींना एका छोट्या वस्तूभोवतून वळसा घालून पुढे पाठवलं, जणू ती वस्तू तिथे नाहीच. साध्या उजेडात अख्खं माणूस झाकायचं तर अजून बरंच अंतर आहे. आणि झालंच, तर त्यात एक खोट आहे: आतून बाहेरचं दिसायला हवं तर प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर अडकावा लागतो. सगळा प्रकाश वळसा घालून निघून गेला, तर झग्यातल्या मुलीला ठार काळोख. लेडीज डब्यात ती कुणाला दिसणार नाही, आणि दादर आलं तेही तिला कळणार नाही.

पण तिचा झगा मी हसण्यावारी नेणार नाही. विशीतल्या मुलीला गायब व्हावंसं वाटतं तेव्हा कधी ते नुसतं मजेनं असतं, कधी त्यामागे स्टेशनच्या पुलावर घुटमळणारा कुणीतरी असतो, कधी लग्नसमारंभात "मग पुढे काय?" विचारणाऱ्या मावश्या असतात. कोणतं ते एकदा कळायला हवं. पण तुम्ही विचारू नका, वहिनींनीही नको, ज्याच्याशी ती मोकळं बोलते त्याला विचारू द्या. आणि पुलावरचा कुणी निघाला, तर तक्रार करायला तिच्याबरोबर तुम्ही जा.

आता मुलीनं आईला जो शहाणपणाचा टोला दिला, त्याकडे. ताजं अन्न तयार करणारं यंत्र! गोष्टींत ते बटण दाबलं की हवेतून चहा देतं. नुसत्या ऊर्जेतून पदार्थ बनवायचा तर आइनस्टाईनचं ते प्रसिद्ध समीकरण वापरून हिशेब करता येतो. तीस ग्रॅमचा एक फुलका बनवायला सुमारे ७५ कोटी युनिट वीज लागेल. महिन्याला दोनशे युनिट जाळणाऱ्या तीन लाखांहून जास्त घरांची वर्षभराची वीज, एका फुलक्याला. बिल माफ असलं तरी इतका निर्लज्जपणा बरा नव्हे. शिवाय ते यंत्र कुणाच्या हातचं देणार? कुठल्या तरी एका नमुन्याची नक्कल. वहिनींच्या पेटीत त्यांनी स्वतः केलेलं राहतं.

आणि आता ती पेटी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

तुमच्या घरातला फ्रीज वेळ थांबवत नाही, सावकाश करतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो, असा एक ठोकताळा आहे. त्या हिशेबानं तीस अंशांच्या ओट्यावरून चार अंशांच्या कप्प्यात गेलेली आमटी पाच-सहापट सावकाश म्हातारी होते. होते मात्र. आणि सगळ्याच गोष्टी सावकाश होत नाहीत. पोळीतला स्टार्च थंडीत उलट लवकर घट्ट होतो. डब्यात कापडात गुंडाळलेल्या पोळीपेक्षा फ्रीजमधली पोळी आधी वातड होते ती त्यामुळे. फ्रीझरमध्ये उणे अठराला जंतू निजतात, पण पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात. म्हणून गोठवलेला टोमॅटो बाहेर काढला की पिशवीत लाल पाणी आणि साल उरते.

वहिनींच्या पेटीत यातलं काही होणार नाही, कारण व्हायला वेळच नसेल. थंड करायचा प्रश्नच नाही. तव्यावरून फुगलेला फुलका थेट आत गेला तर साडेनऊला फुगलेलाच बाहेर येईल, बोट टेकलं तर वाफेनं भाजेल. कढीवरची फोडणी तडतडत आत जाईल आणि तडतडत बाहेर येईल. वीज गेली तर बिघडणार नाही, फार तर वेळ पुन्हा चालू होईल. एकच अडचण: थांबलेल्या वेळेत प्रकाशही शिरणार नाही, त्यामुळे बाहेरून ती आरशासारखी दिसेल आणि आत काय आहे ते कळणार नाही. डब्यावर चिठ्ठ्या लावायची सवय करावी लागेल.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? तर ओट्यापासून जरा लांब या. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की "अमुक गटाचे प्लेटलेट हवेत" असे निरोप तुमच्याही फोनवर येत असतील. हे निरोप दर वर्षी नव्याने का फिरतात? प्लेटलेट पाच दिवस टिकतात म्हणून, तेही वीस ते चोवीस अंशांवर आणि सतत हलवत ठेवले तर. मेमध्ये दान केलेले प्लेटलेट जुलैच्या कामाचे नसतात. पेटी असती तर रक्तपेढीत एक कपाट भरून ठेवलं असतं आणि कुणाच्या भावाला रात्री दोनला दाता शोधत फिरावं लागलं नसतं.

अवयवांचं तर याहून घाईचं. काढलेलं हृदय बर्फात चार ते सहा तास टिकतं, मूत्रपिंड दिवस-दीड दिवस. म्हणून ग्रीन कॉरिडॉर करतात, चौकाचौकात पोलीस उभे राहतात, विमान तयार ठेवतात. आणि एवढं करूनही, कधी जुळणारा रुग्ण फार लांब असतो आणि अवयव जवळच्याला द्यावा लागतो, कधी कुणालाच देता येत नाही. वेळ थांबली असती तर नागपूरचं हृदय विदर्भ एक्स्प्रेसने निवांत मुंबईला आलं असतं, आणि देशभरात ज्याला ते सर्वांत चांगलं जुळतं त्याला गाठून बोलावता आलं असतं.

खऱ्या जगात माणसं या पेटीच्या मागे लागलेली आहेतच. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वेळ जवळजवळ थांबते. १९९२ साली गोठवलेल्या भ्रूणांतून २०२२ साली अमेरिकेत जुळी मुलं जन्मली; तीस वर्षं ती मूठभर पेशींच्या रूपात वाट पाहत होती. पेशी मूठभर असतात म्हणून जमतं. अख्खा अवयव गोठवला की बाहेरचा भाग आणि आतला भाग सारख्या वेगाने थंड होत नाही, आणि परत उबदार करताना तर हमखास तडे जातात. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या मंडळींनी यावर एक युक्ती केली. उंदराच्या मूत्रपिंडात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सोडले, ते काचेसारखं गोठवलं, शंभर दिवसांपर्यंत ठेवलं, मग बाहेरून चुंबकीय लहरी देऊन त्या कणांनाच आतून तापवलं, म्हणजे अवयव सगळीकडे सारखा वितळला. ती मूत्रपिंडं पुन्हा उंदरांत बसवली आणि ती चालली. उंदराचं मूत्रपिंड म्हणजे केवढंसं! पण दिशा वहिनींच्या पेटीचीच आहे. तुम्ही ज्याला हसलात त्यावर ही माणसं वर्षानुवर्षं काम करतायत.

मग नाशिककडे बघा. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि साठवणीच्या कांदाचाळीत पडतो. भाव येईल म्हणून शेतकरी पावसाळाभर थांबतो, तोवर कांद्याचं वजन उतरतं, कोंब येतात, दमट हवेनं खालचा थर सडतो. लासलगावला नेईपर्यंत किती उरेल ते त्याला सांगता येत नाही. टोमॅटोवाल्याला तर चाळही नाही; भाव पडला की क्रेट रस्त्यावर ओतण्यापलीकडे त्याच्या हातात काही राहत नाही. या दोघांना थांबता आलं तर बाजाराशी बोलण्याची त्यांची पट्टीच बदलेल.

इथे तुमचा मुलगा म्हणेल, "मग व्यापारीच साठेबाजी करतील की!" बरोबर म्हणेल. पेटी शेतकऱ्याच्या आधी व्यापाऱ्याकडे पोचली तर भाव कोण ठरवणार हे उघड आहे. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. झग्याची किंमत तो तुमच्या एकट्याकडे आहे तोवर. पेपर आधी बघण्याचंही तसंच, सगळ्यांनी बघितला की पहिला नंबर कसला! पेटी मात्र शेजाऱ्याकडे असली तर तुमची काही कमी होत नाही. पहिली रक्तपेढीला, दुसरी कांदाचाळीत, तिसरी वहिनींना, असा क्रम मी लावला असता. पण खेळाच्या नियमात यंत्र घरीच मिळणार आहे, तर असो.

एक अट मात्र मी घालीन. जिवंत माणूस पेटीत ठेवायचा नाही. हा मोह पहिल्या दिवशी होईल. आजार बरा होण्याचं औषध निघेपर्यंत ठेवू, एवढंच म्हणत सुरुवात होईल. १९६७ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्राध्यापकाचा देह मृत्यूनंतर याच आशेनं गोठवला, तो अजून तसाच आहे. आतल्याला काही जाणवत नाही हो, बाहेरच्यांचे हाल. सुतक धरायचं की वाढदिवस करायचा ते त्यांना कळत नाही. आणि आत गेलेल्याचं नाव सातबाऱ्यावर ठेवायचं की काढायचं, यावर कोर्टात तीन पिढ्या निघतील. तेव्हा पेटीत आमटी, औषधं, अवयव, हापूस. माणसं बाहेर.

आता तुमच्या घराबद्दल. तुम्ही पत्रात स्वतःच सगळं लिहिलंय, फक्त ओळी लांब लांब ठेवल्यात. वहिनी सहाला सुटतात. सात, आठ, साडेनऊ, दहा अशा वेळांना चार माणसं जेवतात. म्हणजे स्वयंपाक एकदा होतो आणि गरम चारदा करावा लागतो. भाताला पाण्याचा हबका मारून वाफ द्यायची, आमटी पुन्हा उकळायची, आणि चौथ्या उकळीला तिच्यातली फोडणी मेलेली असते हे करणाऱ्याला चवीआधी वासावरून कळतं. तुमच्या ताटातली पोळी गरम असते, कारण त्या वेळी कुणीतरी तव्यापाशी उभं असतं. ते कुणीतरी कितीला जेवतं, तुम्हाला माहीत आहे? मला पत्रातून कळलं नाही. मला वाटतं मुलांनाही सांगता येणार नाही.

तिघांनी घराबाहेर पडण्याची यंत्रं मागितली. घर चालतं राहील असं यंत्र एकटीनं मागितलं, आणि त्यावर शेजारी डोकावण्याइतके हसलात. मग त्या उठून जाणार नाहीत तर काय करतील!

काय करायचं ते सांगते. पहिलं, काय करायचं नाही: माफी म्हणून नवा फ्रीज आणू नका. मायक्रोवेव्हही नको. दिवाळीच्या ऑफरमध्ये तर मुळीच नको. मुलांसमोर, हे पत्र हातात घेऊन, वहिनींना सांगा की निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि का लागला. मग विचारा, पेटीत पहिली गोष्ट कुठली ठेवणार होतीस? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. "हापूस ना?" असं स्वतःच म्हणून मोकळे होऊ नका. कदाचित त्या काहीतरी वेगळंच सांगतील. कदाचित "आता राहू दे" म्हणतील, तर राहू द्या, पुन्हा कधीतरी विचारा.

आठवड्यातून दोन रात्री तरी चौघांनी एका वेळी बसायचं ठरवा. सगळ्यांना जमेल अशी वेळ साडेनऊचीच निघेल, हरकत नाही, मधे मुलांनी पोहे खावेत. त्या दोन दिवशी पोळ्या लाटणारा आणि भाजणारा वेगवेगळा असावा. शेवटची पोळी भाजणाऱ्यानेही मंडळींबरोबर बसायचंय, हे त्यातलं मुख्य. उरलेल्या दिवशी जो उशिरा येईल त्याने आपलं आपण गरम करून घ्यावं. दहावीच्या मुलाला गॅस पेटवता येतो.

भांड्यांची पैज तुम्ही तिघं हरलात. आळीपाळीने घासा, कढईसकट. "कढई भिजत ठेवलीय" हे घासणं धरलं जात नाही.

राहिला मुलाच्या वाचनाचा प्रश्न. जयंत नारळीकरांपासून सुरुवात करा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. नावाकडे बघून परीक्षकांनी झुकू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. कृष्णविवराजवळ वेळ खरोखरच मंदावते, तेव्हा कालयंत्रवाल्या मुलाला ती कथा लगेच धरेल. 'यक्षांची देणगी' या त्यांच्या संग्रहात ती आहे, डोंबिवलीत वाचनालयांना तोटा नाही. त्यानंतर बाळ फोंडके आणि लक्ष्मण लोंढे. परीक्षा संपेपर्यंत पुस्तक लपवून ठेवू नका. कथा लहान आहेत, जेवण गरम होईपर्यंत एखादी वाचून होते.